चौथ्या खांबाचे हरवलेले नऊ तास

१

कुलूप शाबूत होतं. बिजागऱ्याही शाबूत होत्या. उपअभियंत्यानं चावी फिरवली, पत्र्याच्या पेटीचं झाकण उघडलं आणि आत डोकावून पाहिलं. दोन तारा, एक मिणमिणता हिरवा दिवा, कोपऱ्यात गडद निळ्या दाण्यांची छोटी पुडी. आणि कार्डाच्या खोबणीत काहीच नाही.

त्यानं बोट घालून चाचपलं. डोळ्यांवर विश्वास बसला नाही की माणूस बोटांना विचारतो. बोटांनीही तेच सांगितलं.

पुलाच्या चौथ्या खांबाला लोखंडी शिडी होती, तिच्यावर तो एका हातानं लोंबकळत उभा होता. खाली नावाडी नाव खांबाला टेकवून बसला होता. नाव खांबावर घासू नये म्हणून तिच्या कडेला त्यानं एक नारिंगी गोळा बांधला होता, तीन काळ्या पट्ट्यांचा. पाणी हललं की गोळा खांबावर आपटून टप्प वाजायचा.

"सापडलं का साहेब?" नावाड्यानं विचारलं.

"नाही."

"म्हणजे काय गेलं?"

"सगळंच गेलं बाबा."

सगळंच म्हणजे काय, ते सांगायला हवं. सात खांबांच्या त्या पुलात नदीचा जोर नेमका चौथ्यावर यायचा. म्हणून तीन वर्षांपूर्वी त्याच्या अंगाला, पाण्याखाली, एक सेन्सर बसवला होता. त्याचं काम साधं. तळाकडे एक आवाज सोडायचा, तो आपटून परत यायला किती वेळ लागला ते मोजायचं आणि तळ किती खोल आहे ते सांगायचं. दर पंधरा मिनिटांनी, बाराही महिने, रजा न टाकता. असा कर्मचारी खात्यात दुसरा नव्हता. आकडा एकीकडे बिनतारी ऑफिसच्या संगणकात जायचा आणि दुसरीकडे पेटीतल्या कार्डावर उतरायचा. नेहमीचा आकडा ६.२ मीटर. खांबाचा पाया त्याच मापानं ११ मीटरपर्यंत. नदीनं तळ खणत खणत आकडा आठच्या पलीकडे नेला तर पूल बंद ठेवायचा, असा नियम होता.

तेरा दिवसांपूर्वी, मंगळवारी, मोठा पूर आला. पूल तेव्हापासून बंद होता. आणि ऑफिसच्या संगणकात त्या मंगळवारी सकाळी दहा ते संध्याकाळी सात असं नऊ तासांचं भोक होतं. नेमकं पूर ऐन भरात असताना! सगळ्यांची भिस्त कार्डावर होती. आता तेही गेलं.

उपअभियंत्यानं मोठ्या साहेबांना फोन लावला आणि ते सुटलेच.

"पुराआधी सेन्सर काय म्हणत होता? सहा पॉइंट दोन. आज काय म्हणतोय? सहा पॉइंट दोन. मग नदीनं खाल्लं काय, आपलं डोकं? पाच वाजेपर्यंत तुमच्या सहीचं पत्र मला हवं. उद्या सकाळी साडेसहाला पूल सुरू. आणि त्या नावाड्याला घरी बसवा. त्याच्याशिवाय तिथं जातंय कोण?"

"पण साहेब, चोरी..."

"चोरीसाठी परीक्षणशाळेतून एक बाई पाठवतो. शेजारच्याच गावात आहेत. पण पाच म्हणजे पाच!"

उपअभियंता शिडी उतरून नावेत बसला. साडेसहाची पहिली बस कोणाला घेऊन जाणार, हे त्याला कोणी सांगायची गरज नव्हती. पलीकडच्या काठावरच्या शाळेत त्याची बायको शिकवत होती आणि त्याच शाळेत त्यांची सात वर्षांची मुलगी दुसरीत होती. गेले तेरा दिवस दोघी पहाटे पाचला उठून दोन तासांच्या वळशानं जात होत्या. आज सकाळीच बायको चपला घालता घालता म्हणाली होती, "अहो, तुमची नदी मोजून झाली असेल तर पूल उघडा. लेक बसमध्ये उभ्यानं झोपते आणि वर्गातही झोपते."

उद्या त्या पहिल्या बसमध्ये या दोघी असणार होत्या आणि आणखी चाळीस पोरं. बस जाईल त्या खांबाखाली काय आहे, हे आज पाचच्या आत त्याला कळायला हवं होतं.

२

बाई अकरा वाजता आल्या. पन्नाशीच्या पुढच्या, अंगानं बारीक, खांद्यावर जड पिशवी. नमस्कार-चमत्कार नाही, प्रवास कसा झाला नाही. ऑफिसच्या दारातूनच त्यांनी विचारलं, "शून्य कुठं आहे तुमचं?"

उपअभियंता गोंधळला. मग त्याला आठवलं. खात्यात या बाईंना मागून 'शून्यबाई' म्हणत. मोजायला निघालेला माणूस कुठून मोजतोय, ते आधी पाहायचं, मग आकड्यांकडे; हा त्यांचा तीस वर्षांचा शिरस्ता होता.

"सेन्सरच्या तोंडापासून," तो म्हणाला.

"छान. निदान एवढं तरी माहीत आहे." त्या बसल्या. "पेटीच्या चाव्या किती?"

"तीन. एक माझ्याकडे, एक कंपनीच्या तंत्रज्ञाकडे, एक इथं भिंतीवर. भिंतीवरची कोणीही घेऊ शकतं."

"म्हणजे तुम्हीसुद्धा संशयित."

"मी?"

"बायकोला वळसा पडतो म्हणे. बाहेर पहारेकरी सांगत होता." त्या हसल्या नाहीत. "पेटी उघडलीत तेव्हा आत काय काय होतं? सगळं सांगा. फालतूसुद्धा."

त्यानं सांगितलं. तारा, हिरवा दिवा, निळी पुडी, रिकामी खोबण. बाईंनी एकच शब्द वहीत लिहिला आणि वही मिटली. तो शब्द त्याला दिसला नाही.

खिडकीपाशी संगणकासमोर नोंदनीस बसले होते. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेले, शर्टाची वरची गुंडीसुद्धा लावणारे. त्यांना सगळे 'चाळणी' म्हणत आणि त्यांना ते आवडायचं.

"चाळणी का म्हणतात तुम्हाला?" बाईंनी विचारलं.

"कारण चुकीचा आकडा माझ्या हातून पुढं जात नाही," चाळणी ताठ बसून म्हणाले. "सेन्सर बिचारा भोळा आहे, बाई. खालून ओंडका गेला, माशांचा थवा गेला, तो त्यालाच तळ समजतो. मी रोज संध्याकाळी संगणकाला नियम देऊन निवडतो. नेहमीच्या आकड्याहून अर्ध्या मीटरपेक्षा जास्त फरक दिसला की तो कोंडा. गहू इकडे, कोंडा तिकडे. एकवीस वर्षांत माझ्या तक्त्यात खडा सापडलेला नाही."

"आणि कोंड्याचं काय करता?"

"दर शनिवारी फेकतो. घर असो की संगणक, केर साठवू नये."

"बरोबर," बाई म्हणाल्या. "आणि ते नऊ तास?"

चाळणींचा चेहरा पडला. "पुरात यंत्र बंद पडलं असणार. मंगळवारी मी इथं नव्हतोच. रस्ते बंद होते. बुधवारी येऊन दोन दिवसांचं एकदम निवडलं. भोक दिसलं तेव्हा मीच चक्रावलो."

"मंगळवारचा तक्ता छापून द्या."

कागद हातात घेऊन बाईंनी तो दोनदा वाचला, तिसऱ्यांदा बोट ठेवून वाचला, आणि उपअभियंत्याकडे पाहून म्हणाल्या, "साहेब, यंत्र बंद पडलेलं नाही. चला, आता माणसं बघू."

३

नावाडी पायरीवर बसून दोरीची गाठ सोडवत होता. 'घरी बसवा'ची बातमी त्याच्यापर्यंत आधीच पोचली होती. अशा बातमीला वल्ही लागत नाहीत.

"दादा, सेन्सरवर राग आहे म्हणे तुमचा," बाई त्याच्या शेजारीच पायरीवर बसल्या.

"राग कशाला लपवू? वीस वर्षं शिशाचा गोळा दोरीला बांधून मी तळ मोजला, ताई. मग ते डबडं आलं आणि माझी दोरी खुंटीला लागली." त्यानं दोरी बाजूला ठेवली. "पण म्हणून चोरी? चोरायचंच असतं तर डबडं चोरलं असतं, त्याची जीभ कशाला कापू?"

"पुरानंतर चौथ्या खांबापाशी कोणाकोणाला नेलंत?"

"साहेबांना आज. आणि शुक्रवारी टायला."

'टाय' म्हणजे कंपनीचा तंत्रज्ञ. नावेत बसतानासुद्धा तो गळ्यात टाय बांधायचा आणि त्यावर लाइफ जॅकेट चढवायचा.

"शिडीवर चढला तो. अर्धा तास होता वर. मी खाली पाणी उपसत होतो, वर काय केलं ते काही दिसलं नाही. पण ताई, एक सांगू? त्या खांबापाशी भोवरा पूर्वी डावीकडे असायचा. पुरानंतर मागं सरकलाय. खाली काहीतरी बदललंय. साहेबांना मी सांगितलं होतं."

उपअभियंता खाली पाहू लागला. सांगितलं होतं खरं. पण भोवऱ्याला दशांशचिन्ह नसतं, त्यामुळे ते कुठल्याच रकान्यात बसलं नव्हतं.

टाय आपल्या गाडीपाशी सापडला. तिशीतला, तुरतुरीत, बोटं सतत काहीतरी पुसत असलेली.

"शुक्रवारी मी पेटी उघडलीच नाही," त्यानं न विचारताच सांगितलं. "वरचं सौर पॅनेल पुसलं आणि उतरलो. आमच्या उपकरणाचं काय आहे बाई, ते उत्तम आहे. आणखी वीस पुलांवर बसवायचं ठरतंय. फक्त... पुरासारख्या परिस्थितीत कुठलंही यंत्र थोडं इकडेतिकडे होऊ शकतं. तेवढं तुमच्या अहवालात समजून घ्या."

"इकडेतिकडे म्हणजे?"

"म्हणजे, तसं काही नाही."

"मग तपासूनच टाकू," बाई म्हणाल्या आणि पिशवी उघडली. पिशवीतून निघाली एक लोखंडी थाळी आणि मीटरमीटरवर तांबड्या खुणा केलेली साखळी.

४

नावेत चौघं बसले. बाईंनी थाळी साखळीला अडकवली आणि सेन्सरच्या बरोबर खाली, मोजून तीन मीटरवर धरली. उपअभियंत्यानं हातातल्या छोट्या पडद्यावर पाहिलं.

"तीन."

"तीन आणि किती?"

"तीन पूर्ण. एका सेंटिमीटरचाही फरक नाही."

थाळी पाच मीटरवर गेली. पडदा पाच म्हणाला. थाळी काढून घेतली, पडदा मुकाट ६.२ वर आला. उपअभियंत्याला त्या डबड्याचं मनापासून कौतुक वाटलं. तीन वर्षं पाण्याखाली, अंगावर शेवाळ, वरून तो महापूर, आणि अजून त्याचा शब्द सेंटिमीटरला पक्का.

बाई मात्र पडद्याकडे पाहतच नव्हत्या. त्या टायकडे पाहत होत्या. आपलं यंत्र अचूक निघालं म्हणून त्याचा चेहरा खुलायला हवा होता. तो पांढराफटक पडला होता.

"काय झालं?" बाईंनी हळूच विचारलं.

"काही नाही. ऊन लागलं."

तेवढ्यात पाणी हललं आणि नावेच्या कडेचा नारिंगी गोळा खांबावर आपटला. टप्प. बाईंनी वळून पाहिलं. मग त्या एकदम वाकल्या, इतक्या की नावाड्यानं त्यांचा पदर धरला.

"दादा, हा गोळा कुठला?"

"हा? पुरानंतर सापडला. इथून अर्ध्या कोसावर, लव्हाळ्यात अडकला होता. चांगला भरीव वाटला, बांधला नावेला."

"सोडा तो. आत्ता सोडा."

नावाड्यानं गोळा सोडून त्यांच्या मांडीवर ठेवला. बाईंनी त्याच्यावरचा चिखल पदरानं पुसला. काळे पट्टे तीन. त्यांच्या खाली, खरवडून लिहिलेली दोन बारीक अक्षरं.

"ही माझी सही आहे," शून्यबाई म्हणाल्या. पहिल्यांदाच त्यांचा आवाज हलला. "आठ वर्षांपूर्वी हा गोळा मी तपासला होता. आणि हा ज्या जागी ठेवला होता, तिथून तो बाहेर आलाय हे खरं असेल, तर साहेब, तुमची सही आज होत नाही."

५

"काखेत कळसा आणि गावाला वळसा," बाई म्हणाल्या. "तुम्ही कार्ड शोधताय आणि पुरावा नावेला बांधलाय."

त्यांनी सांगितलं ते असं. सेन्सर येण्याच्या आधी, खांबांची डागडुजी झाली तेव्हा, चौथ्या खांबापाशी तळात तीन गोळे पुरले होते. एक पट्टा म्हणजे एक मीटर खोल, दोन म्हणजे दोन, तीन म्हणजे तीन. नदीनं तिथपर्यंत रेती खणली की गोळा सुटून वर यायचा आणि आतलं यंत्र बिनतारी ओरडायचं. बॅटरीचं आयुष्य सहा वर्षं. ती संपली, माणसं बदलली, गोळ्यांची फाइल कपाटात गेली. गोळे मात्र आपल्या जागी पहारा देत राहिले.

"पण आज तळ पुराआधी होता तिथंच आहे!" उपअभियंता म्हणाला. "तीन मीटर खणलं गेलं असतं तर सेन्सरनं नऊच्या पुढं सांगितलं नसतं का?"

"आज कशाला सांगेल? पूर ऐन जोरात असतो तेव्हा नदी खांबापाशी खड्डा खणते आणि जोर ओसरला की स्वतःच आणलेल्या रेतीनं तो भरून टाकते. वरून पाहिलं तर जैसे थे. पण आठ वर्षं दबून घट्ट झालेली रेती वेगळी आणि काल येऊन बसलेली वेगळी. दादा, लांब पाइप आहेत का?"

तीन-तीन मीटरचे चार पाइप एकमेकांत अडकवून नावाड्यानं लांबच लांब गज केला. आधी तिसऱ्या खांबापाशी. गज तळाला टेकला, नावाड्यानं दोन्ही हातांनी दाबला, वितभर आत गेला आणि अडला. मग चौथ्यापाशी. गज तळाला टेकला, नावाड्यानं एक हात ठेवला, आणि गज चालतच राहिला. एक मीटर. दोन. नावाडी मध्येच थांबून साहेबांकडे पाहू लागला. पुन्हा दाबला. तीन मीटर आणि वर दोन विती गेल्यावर तो कुठं खट्ट वाजला.

"पिठात बोट घालावं तसा गेला, साहेब," तो पुटपुटला.

वर पुलावरून एक कुत्रं निवांत पलीकडे चाललं होतं. उपअभियंत्याला ते नाही, बस दिसत होती.

६

चार वाजता ऑफिसच्या खोलीत पाच माणसं आणि टेबलावर एक नारिंगी गोळा. मोठ्या साहेबांना पत्र द्यायला अजून तास होता.

"आता चोरी," बाई म्हणाल्या. "चोऱ्या दोन आहेत. पहिलीत चोर नाही."

त्यांनी मंगळवारचा तक्ता मधोमध ठेवला.

"भोकाच्या आधीचे आकडे वाचा, साहेब."

"सहा पॉइंट दोन, सहा पॉइंट तीन, पॉइंट पाच, पॉइंट सात. मग भोक."

"भोकानंतर?"

"सहा पॉइंट सात. पॉइंट पाच. पॉइंट तीन..." तो थांबला.

"जाताना सहा पॉइंट सात, येताना सहा पॉइंट सात. यंत्र बंद पडलं असतं तर वाटेल त्या आकड्यावर पडलं असतं आणि वाटेल त्यावर उठलं असतं. तार तुटते तिला आकडे वाचता येत नाहीत. ज्याला वाचता येतात त्यानंच हे कापलंय." बाई चाळणींकडे वळल्या. त्यांचा आवाज मऊ झाला. "नेहमीचा आकडा सहा पॉइंट दोन. त्यात अर्धा मीटर मिळवा."

चाळणींनी मिळवला नाही. त्यांना बाकीच्यांच्या आधीच कळलं होतं. एकवीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी गळ्याजवळची गुंडी सोडली.

"मी... आकडे न बघताच तो ओंडका समजलो," ते म्हणाले. "पुरात ओंडके येतातच. नऊ तास ओंडका कसा असेल, आणि ओंडक्यानं आकडा वाढेल कसा, हे मी विचारलंच नाही. नियम होता, नियमानं काढलं. शनिवारी फेकलं." मग उठून उभे राहिले आणि स्पष्ट म्हणाले, "अहवालात माझं नाव लिहा. चाळणी म्हणून नव्हे, पूर्ण नाव लिहा."

उपअभियंत्याला त्या क्षणी ते फार मोठे वाटले. अति तिथं माती खरी, पण ती माती स्वतःच्या डोक्यावर घेऊन उभं राहणारी माणसं किती असतात?

"बसा," बाई म्हणाल्या. "आता दुसरी चोरी. कार्ड. साहेब, पेटीतली पुडी कुठल्या रंगाची होती?"

"निळी. गडद निळी."

"नव्या बुटांच्या खोक्यात असते ना, तसलीच पुडी. पेटीतली ओल शोषते. हिचे दाणे कोरडे असताना निळे, ओल पिऊन झाली की गुलाबी. पेटीची शेवटची देखभाल तीन महिन्यांपूर्वी झाली. मध्ये एवढा पाऊस, एवढा पूर. पुडी केव्हाच गुलाबी व्हायला हवी होती. ती गडद निळी आहे. म्हणजे गेल्या काही दिवसांत कोणीतरी पेटी उघडली, कार्ड काढलं आणि बंद करण्याआधी पुडी बदलली. चोर पुडी बदलतो का? साहेबांना पुडी कशासाठी असते हे ठाऊक नाही. दादांना नाही. चाळणी नावेत बसत नाहीत. एकाच माणसाच्या हाताला ती सवय आहे. पेटी उघडली की नवी पुडी टाकल्याशिवाय त्याचा हात झाकण लावतच नाही."

सगळ्यांनी टायकडे पाहिलं. टायनं टेबलाकडे पाहिलं.

"आणि मघाशी नावेत," बाई पुढं म्हणाल्या, "तुमचं यंत्र बिनचूक निघालं तेव्हा तुमचा चेहरा पांढरा पडला. कारण तुम्ही शुक्रवारी कार्ड वाचलं होतं. पुराआधी सहा, नंतर सहा, आणि मध्ये भलतेच आकडे. तुम्हाला वाटलं, आपलं यंत्र पुरात भ्रमिष्ट झालं. हे बाहेर पडलं तर वीस पूल गेले."

"नोकरी पण," टाय अगदी हळू म्हणाला.

"अहो, ते भ्रमिष्ट झालं नव्हतं!" बाई पहिल्यांदाच चिडल्या. "एवढ्या लोंढ्यात, अंगावर झाडं आपटत असताना, ते दर पंधरा मिनिटांनी खरं सांगत होतं. त्याच्या आयुष्यातला सगळ्यात चांगला दिवस होता तो. एकानं तो कोंडा म्हणून फेकला आणि ज्यानं त्याला सांभाळलं, वाढवलं, त्यानंच त्याच्यावर विश्वास ठेवला नाही!"

उपअभियंत्यानं मनातली भीती बोलून दाखवली. "पण कार्ड तर आता नदीत गेलं असेल."

"नाही," बाई म्हणाल्या. "चोरी करतानासुद्धा ज्याला पेटी ओली ठेववली नाही, तो माणूस नोंद फेकून देणार नाही. काढा."

टायनं टाय सैल केला. त्याच्या आतल्या बाजूला शिवलेल्या चिमुकल्या खिशातून नखाएवढं कार्ड निघालं. प्लॅस्टिकच्या पिशवीत, आणि पिशवीत एक निळी पुडी.

नावाड्याला हसू आवरलं नाही. "म्हणून घालता होय तुम्ही हा गळफास!"

कार्ड संगणकात गेलं. चाळणींनी स्वतः उघडलं. दहा वाजता ६.९. अकराला ७.६. बाराला ८.३. चाळणी एकेक आकडा मोठ्यानं वाचत होते, कोणीही न सांगता. दोनला ९.१. सव्वातीनला ९.४. तिथं नदी थांबली होती. पायाच्या अकरा मीटरांपर्यंत अजून एक पॉइंट सहा बाकी असताना.

"कंपनीला पत्र तुम्ही स्वतः लिहाल," बाईंनी टायला सांगितलं. "कार्ड घेतलंत हे लिहा, परत दिलंत हेही लिहा. माझ्या अहवालातही दोन्ही असेल. आणि यंत्राच्या रकान्यात मी लिहिणार आहे: निर्दोष. आता जा, सकाळी साहेबांनी पेटी उघडली होती. पुडी बदलून या."

टाय उठला. दारापाशी थांबून नावाड्याला म्हणाला, "दादा, नेता का?"

"नेतो की. पण ताई, माझा गोळा?"

"तो आता पुरावा झाला. तुम्हाला जुना टायर मिळेल."

"घ्या! दोरी यंत्रानं नेली, गोळा खात्यानं," नावाडी कुरकुरला, पण छाती फुगवूनच गेला. त्याला घरी बसवायचं, सकाळीच लिहून ठेवलेलं पत्र उपअभियंत्यानं त्याच्या देखत फाडलं होतं.

७

पाचला पाच मिनिटं कमी असताना फोन वाजला.

"सही झाली?" मोठे साहेब.

"नाही साहेब. पूल उघडत नाही."

"अहो, सेन्सर सहा पॉइंट दोन सांगतोय ना?"

"आज सांगतोय. त्या मंगळवारी तो नऊ पॉइंट चार सांगत होता. त्या वेळी त्याचं ऐकायला इथं कोणी नव्हतं. कागदपत्रं पाठवतो."

मोठे साहेब म्हणाले, "नऊ पॉइंट चार?" आणि पुन्हा एकदा, अगदी वेगळ्या आवाजात, "खांबाभोवती दगड टाकायला किती दिवस लागतील?"

साडेपाचला वळशाची बस पुलाच्या अडसरापाशी थांबली. बायको उतरली, खांद्यावर झोपलेली मुलगी, एका हातात दोन दप्तरं. तिनं अडसर पाहिला आणि नवऱ्याकडे पाहिलं. तेरा दिवसांची दमणूक तिच्या तोंडावर उभी होती.

"उघडला नाही ना?"

"नाही."

"अजून किती दिवस?"

"दोन महिने. कदाचित जास्त."

तिच्या ओठांवर काहीतरी आलं होतं. ते त्यानं ओळखलं. पण तिनं विचारलं ते वेगळंच. "किती खोल गेलं होतं?"

"नऊ पॉइंट चार."

पाया अकरा मीटरवर आहे, हे तेरा दिवस जेवताना ऐकून तिला पाठ झालं होतं. शिकवणारी बाई ती, वजाबाकीला वेळ लागला नाही. तिनं मुलीला खांद्यावर जरा वर ओढून घेतलं आणि पुलाकडे पाहत क्षणभर तशीच उभी राहिली. मग दोन्ही दप्तरं तिनं नवऱ्याच्या हातात दिली.

"अहो, मग गजर साडेचारचा लावा," ती म्हणाली. "पाचला उठून बसमध्ये हिला बसायला जागा मिळत नाही."